कडक स्पंजचा आवाज

खेळसामानाच्या दुकानात टेबल टेनिसच्या चेंडूंचा डबा घेऊन उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंचे कान पुढच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडे लागले होते.

"बॅटचं हे मऊ रबर काढा. कडक स्पंजचं लावा."

"काका, चारच दिवसांपूर्वी तर बसवून दिलं! कडक रबराला मनगटात जोर लागतो. या वयात मऊच बरं."

"हाताला छानच आहे हो. पण आवाज करत नाही."

"मग चांगलंच की! घरच्यांना त्रास नाही."

"म्हणून तर घेतलं होतं. बायको आतल्या खोलीत पडून असते. बाहेर मी टेबलाचा अर्धा भाग भिंतीसारखा उभा करून एकटाच खेळतो. म्हटलं, टकटक नको तिच्या डोक्याला."

"मग?"

"दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'खेळणं सोडलंत का हो?'"

दुकानदाराने बॅट उचलून उलटी केली.

"मिश्र दुहेरीत जोडी होती आमची. हे मऊ रबर लावेपर्यंत आतून ओरडायची, 'बॅकहँड उशिरा आला!' नुसत्या आवाजावरून."

"बरोबर असायचं?"

"दर वेळी."

दुकानदाराने मऊ रबराची कड नखाने उचकटली.

"गोंद वाळायला तासभर लागेल, काका."

"बसतो की. फक्त चारच्या आत द्या. चारला ती जागी होते."