टाकीमागचा चिंतामण

मंडळी, ऐका. मृदंगाला जरा विसावा घेऊ दे. मागच्या खांबाला टेकलेल्यांनी डोळे उघडे ठेवा. मिटायचेच असतील तर ध्यान लागल्यासारखे मिटा, पण घोरू नका. एक साधा प्रश्न विचारतो. माणूस हरला, की पहिलं काय शोधतो?

चूक शोधतो? कोण म्हणालं ते? मास्तर असणार. नाही हो. चूक शोधायला वेळ लागतो, आणि सापडली तर ती बहुधा आपल्याच घरात सापडते. माणूस हरला की माणूस शोधतो. भाजी करपली – मध्येच कोण गप्पा मारायला आलं होतं? गाडी बंद पडली – निघताना "कुठं चाललात" म्हणून कोणी विचारलं? हसताय. हसून घ्या. आता यावर आख्यान सांगतो. पुराणातलं नाही. यात देव एकदाही प्रकट होत नाही, कारण यात बास्केटबॉल आहे.

आजी, दचकू नका. दोन खांब, खांबांवर फळी, फळीला लोखंडी कडं, कड्याला बूड नसलेली जाळी. त्यात चेंडू टाकायचा. तो खाली पडतो. मग तोच उचलून पुन्हा टाकायचा. आपला संसार तरी याहून काय वेगळा आहे?

तर एका तालुक्याच्या गावी टेकडीवर एक कॉलेज होतं. गावाचं नाव सांगत नाही, मला पुढच्या वर्षी तिथं कीर्तनाला जायचंय. या कॉलेजची टीम सलग पाच वर्षं हरली. एकही सामना जिंकली नाही. शिकवायला होते वनस्पतिशास्त्राचे सर. ते नियमांचं पुस्तक उघडून मैदानाच्या कडेला बसत, आणि सामना संपेपर्यंत तिसऱ्या पानावर येत.

आणि अशा टीमला भक्त होते! किती? तीन. मैदानाच्या कडेला दगडी पायऱ्या होत्या, त्यांवर बसायचे. एक मोहसीन तांबोळी, ज्याच्या तोंडाला उसंत नाही. दुसरी कालिंदी साबळे, प्रत्येक सामन्याचे गुण वहीत टिपून ठेवणारी. आणि तिसरा आमचा चिंतामण लाटकर. जाड भिंगांचा चष्मा, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं, बोलायच्या आधी घसा खाकरून घेणारा. अकरावीत कॉलेजला आला आणि पहिल्याच आठवड्यात या खेळावर त्याचा जीव जडला. स्वतः खेळला नाही कधी. पण चेंडू जाळीतून गेला की याच्या अंगावर काटा यायचा.

त्या वर्षीचा पहिला सामना. टीम एका गुणानं मागे, वेळ संपलेली, आणि कॅप्टन शशिकांत भोईटे याला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे काय? समोरच्यानं धसमुसळेपणा केला की तुम्हाला एकट्याला रेघेवर उभं करतात आणि म्हणतात, टाक निवांत. कोणी आडवं येत नाही. कोणी ढकलत नाही. म्हणजे चुकलं, तर बोट दाखवायला समोर कुणी नाही. फार वाईट प्रकार बघा तो.

भोईट्यानं पहिला टाकला, तो फळीला लागून परत आला. दुसरा फळीलाही लागला नाही.

प्रिन्सिपल समोर उभे. "काय झालं रे शशिकांत?"

भोईट्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग पायऱ्यांकडे बोट केलं. "सर, तो चष्मेवाला. एकटक बघत होता माझ्याकडं. नजर लागली त्याची."

प्रिन्सिपल हसून निघून गेले. मुलं हसली. मोहसीन तर पोट धरून हसला. हसला नाही तो एकटा चिंतामण. त्याच्या मनात आलं, खरंच की. मी बघत होतो. फार बघत होतो.

पुढच्या सामन्याला मोहसीन थट्टेत म्हणाला, "चिंत्या, आज जरा पाण्याच्या टाकीमागं बसतोस का?" आणि हा उठून गेला! मैदानाकडं पाठ करून टाकीला टेकून बसला. टीम बारा गुणांनी हरली. आता शहाणा माणूस म्हणाला असता, मी नव्हतो तरी हरलेच की. पण हा शहाणा नव्हता, भक्त होता. याला वाटलं, टाकी फार जवळ आहे. तिसऱ्या सामन्याला ग्रंथालयाच्या मागं गेला. टीम वीस गुणांनी हरली. चौथ्याला टेकडी उतरून एसटी स्टँडवर जाऊन बसला. छत्तीस गुणांनी! एकदा तर मावशीच्या गावी गेला, साठ किलोमीटर. त्या दिवशी टीम एकसष्ट गुणांनी हरली. चिंतामणला वाटलं, आणखी एक किलोमीटर जायला हवं होतं.

पेटीवाले, हसताय काय? तुमची पेटी बेसूर लागली की तुम्ही हवेला दोष देता, मी ऐकलंय.

अशी पाच वर्षं गेली. एसटीचं भाडं परवडेना म्हणून चिंतामण पुन्हा टाकीमागं आला, आणि तिथंच राहिला. टीम सुटली, कॉलेज सुटलं. पण टाकी सुटली नाही. तो भूमापन खात्यात चिकटला, लग्न झालं. बायकोचे दिवस भरले तेव्हा हा दवाखान्यासमोरच्या नारळवाल्यापाशी पाठ करून उभा. मुलगी झाली, शर्वरी. ती शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचली तेव्हा हा सायकली लावायच्या जागेत. आणि तीच शर्वरी मोठी होऊन त्याच टेकडीवरच्या कॉलेजात गेली आणि काय खेळायला लागली असेल? सांगायला हवं?

चांगली खेळायची पोरगी. तीन वर्षांत बापानं तिचा एकही सामना बघितला नाही. कधी ऑफिस, कधी पोटदुखी. पोरीनं आपल्या मनाशी अर्थ लावला, की बाबांना माझं खेळणं आवडत नाही. कॉलेजची टीम पहिल्यांदा जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचली, त्या दिवशी सकाळी बूट बांधता बांधता ती म्हणाली, "बाबा, आज या. नाही आलात तर परत बोलावणार नाही मी." आवाज चढवला नाही तिनं. त्यामुळंच चिंतामणनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

सामना कॉलेजच्याच मैदानावर होता, दुपारी गेला. पायऱ्यांवर कोण? जुनी मंडळी! मोहसीन आता टायरचं दुकान चालवतो, पोट सुटलंय. कालिंदी बँकेतून स्वेच्छानिवृत्त, केस पांढरे. आणि खुद्द भोईटे, गुडघ्याला पट्टा बांधून. कॉलेज फायनलला आलंय म्हणून बघायला आलेले. आणि बोलत होते कशावर? हरण्यावर! जिंकलेले लोक एकदा सांगून गप्प बसतात हो. हरलेल्यांच्या गप्पा संपत नाहीत.

"तो पाटसकर आठवतोय का," मोहसीन म्हणाला, "आपल्याच जाळीत चेंडू टाकला होता त्यानं?"

"त्या वर्षीची आपली सगळ्यात सुंदर बास्केट," कालिंदी म्हणाली. "मी उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या."

"आणि तो रेफरी? अर्ध्यात आला आणि म्हणाला, थांबूया का, मुलं दमली असतील."

"आपली दमली नव्हती," भोईटे म्हणाला. "आपल्याला चेंडूच मिळाला नव्हता."

चिंतामणही हसला. मग शिट्टी झाली, पोरी मैदानात आल्या, आणि हा सवयीनं उठला. "मी आलो जरा," म्हणाला आणि टाकीमागं गेला. पाठ टेकून बसला. समोर गवत, कानावर चेंडूचे टप्पे. त्याला वाटलं, आलोय की मी. तिनं या म्हटलं, आलो. बघायला या असं कुठं म्हणाली?

बघा मंडळी, पळवाट काढायला वकील लागत नाही.

पण टाकीमागं पायऱ्यांवरचं बोलणं ऐकू यायचं. भोईटे विचारत होता, "हा गेला कुठं?"

"टाकीमागं," मोहसीन म्हणाला. "तूच बसवलायस त्याला. त्याची नजर लागली म्हणालास ना, आठव."

"अजून?" भोईट्यानं टाकीकडं बघितलं. "अरे, प्रिन्सिपल समोर उभे होते. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं मी."

"भोईटे," कालिंदी म्हणाली, "पाच वर्षांत तू सत्तेचाळीस फ्री थ्रो टाकलेस. तीन गेले. मी लिहून ठेवलंय. त्यातला एकच सामना चिंतामणनं पाहिला."

"माहितीय. पण तो आपणहून उठून गेला ना, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. नंतर कसं सांगायचं? मग राहूनच गेलं."

टाकीमागं चिंतामणला काय वाटलं? राग आला का? आला. पण रागाच्या आधी त्याला भीती वाटली. आता टाकीमागं बसायला कारण उरलं नाही. आता बघावं लागणार. तो उठला, पँट झटकली, घसा खाकरला आणि पायऱ्यांपाशी आला.

"शशिकांत," तो म्हणाला, "साठ किलोमीटर गेलो होतो मी. मावशी विचारायची, कॉलेजला सुट्टी आहे का? काय सांगणार होतो मी तिला?" आणि सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसला.

भोईट्यानं मान खाली घातली. मोहसीन खाली सरकून चिंतामणच्या मागच्या पायरीवर बसला.

आणि चिंतामणनं आपली मुलगी खेळताना पाहिली. तिचं धावणं पाहिलं. ती मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारते तेही पाहिलं. एकोणीस वर्षांची पोर, आणि त्याला वाटलं आज पहिल्यांदा भेटतेय.

शेवटचं मिनिट, तेही संपत आलेलं. टीम एका गुणानं मागे. आणि शर्वरीला दोन फ्री थ्रो.

ती रेघेवर आली. तिला बाप दिसला. तिनं चेंडू दोनदा आपटला, टाकला. कड्यावर नाचून बाहेर पडला.

चिंतामण उठायला लागला. मोहसीननं मागून शर्ट धरला. "बस गप."

"अरे, पण..."

"बस म्हणतो ना."

दुसरा टाकला. तोही बाहेर. पोरी सामना हरल्या.

आता सांगा, काय म्हणाल तुम्ही? बघितलंत का, शेवटी भोईटेच खरा ठरला? चिंतामणला तेच वाटलं. पोरगी घामानं निथळत आली, आणि हा तोंड लपवत म्हणाला, "मी यायलाच नको होतं. माझ्यामुळं..."

"बाबा, शॉट मारताना माझा कोपर बाहेर जातो," शर्वरी म्हणाली. "सर रोज ओरडतात. तुम्ही कधी पाहिलंच नाही, तुम्हाला कुठनं कळणार?"

"पण मी समोर बसलो आणि..."

"मी चुकले. माझी हार आहे ती. तीसुद्धा तुम्हीच घेऊन जाणार का?"

मंडळी, त्या माणसाला तीस वर्षांत कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. आपल्या एका नजरेनं दहा जणींचा खेळ फिरतो, असं मानायला नम्र माणूस लागत नाही हो. आत एक भला थोरला अहंकार लागतो. तो नेहमी वाकून चालतो, म्हणून ओळखू येत नाही, इतकंच. चिंतामण खाली बसला. मग म्हणाला, "कोपर बाहेर जातो म्हणजे नेमका कसा?" तिनं चेंडू घेतला आणि दाखवला.

आता तुमच्याकडं वळतो. नजर चुकवू नका, माझी लागत नाही. इथं भोईटे बरेच बसलेत. येत्या सोमवारी या गावात एक साखरपुडा आहे. कुणाच्या घरचा ते सांगत नाही, ती मंडळी दुसऱ्या रांगेत आहेत. सगळ्यांना आमंत्रण गेलंय. एका काकूंना गेलेलं नाही. विसरलात? नाही. त्यांचे यजमान गेले त्या वर्षी तुमचा व्यवहार फिसकटला होता, तो त्यांच्याच पायगुणानं असं ठरवून टाळलंत. आणि त्या काकूही इथं आहेत, बायकांत अगदी शेवटी, भिंतीला लागून. त्यांनाही सांगतो, बोलावलं नाही ते बरंच झालं, आपल्या पायगुणानं कुणाचं वाईट नको, हे म्हणणं बंद करा. इतका मोठा पाय देवानं कुणाला दिलेला नाही.

आरतीचं तबक तयार आहे, कापूर तयार आहे. मी पेटवत नाही. दुसऱ्या रांगेतल्यांनी उठायचं, मागं जायचं, काकूंना आमंत्रण द्यायचं आणि त्यांचा हात धरून इथं पुढं आणायचं. आज आरती त्या करतील.

मला घाई नाही. उठा.