कोळ्यांचा कूलर

आपल्या प्रशांतच्या घरचं ऐकलं का गा? धरमपेठेत दोन खोल्या, त्यातल्या एकीत डब्याडब्यांत बारा टॅरँट्युला. तळहाताएवढे केसाळ कोळी, तेही दुर्मिळ जातीचे! मे महिन्यात घरातला एकुलता कूलर त्यायच्याच खोलीत. बायको बाहेर घामाघूम.

शेवटी उमरेडहून तिचे बाबा आले, रागानं लाल.

"जवाईबापू, पोरीले घेऊन चाललो मी! पण आधी दाखवा, काहून एवढं कवतिक त्या कोळ्यायचं!"

प्रशांतनं दार उघडलं. गार हवा तोंडावर आली, तसे बाबा थबकले.

"हे डब्यातून बाहेर तं येत नाही ना?"

"नाही बाबा."

"मंग दार लावा. हवा चालली बाहेर."

अन् तिथंच चटई टाकून आडवे झाले.

तासाभरानं पोरगी बॅग भरून दारात उभी. "बाबा, निघायचं ना?"

आतून आवाज आला, "मृग लागू दे वं आधी!"