भिंतीवरची की बॅगेतली

मेघना: बाबा, टेप खाली ठेवा. भिंत पळून नाही चालली.

बाबा: सत्तावीस इंच जागा आहे. कपाटाची कड ते खिडकीची चौकट. आणि तू गेमसाठी म्हणतेस तो मॉनिटरही सत्तावीसचा. मध्ये बोट शिरणार नाही.

मेघना: शिरेल. स्क्रीन तिरकी मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

बाबा: तिरकी? काहून? तिरकी टांगतात का?

मेघना: टांगतात सरळच. रुंदी चोवीसच्या आत येते.

बाबा: माझी सारी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. असा तिरका मोजून कोणी प्लॉट विकला असता तर मी त्याला कचेरीत उभा नसता केला.

मेघना: म्हणून तर मॉनिटरवाल्यांनी तुम्हाला कामावर ठेवलं नाही.

बाबा: मग बत्तीस घेऊ. कपाट सरकवतो.

मेघना: आईचं कपाट? रंगाच्या वेळी हात लावू दिला नव्हतात कोणाला.

बाबा: तेव्हा रंग होता. हे वेगळं काम आहे.

मेघना: अहो, एवढ्या खटपटीपेक्षा शेजारच्या भय्यासाहेबांसारखा प्रोजेक्टर घेऊ. भिंतभर चित्र.

बाबा: त्यांच्याकडे खेळून आलो ना परवा. दुपारी सारे पडदे ओढले तरी चेंडू दिसत नव्हता. अन् दिसला तर काय? मी बटण दाबलं, दांडी उडाली, आऊट झालो, मग बॅट फिरली.

मेघना: त्यांचा जुना आहे. त्याला लॅग म्हणतात.

बाबा: आमच्या ऑफिसात त्याला कार्यवाही म्हणत.

मेघना: अच्छा, मग सरळ टीव्हीच आणू का? लोक टीव्हीलाच जोडतात खेळाचा कन्सोल.

बाबा: टीव्ही नाही.

मेघना: माझ्या दहावीपुरता तुमच्या ऑफिसातल्या दयारामकाकांकडे ठेवायला दिला होता तुम्ही, बरगी गावाला. दहावीपुरता. मला आता पांढरे केस आलेत.

बाबा: गेलो होतो ना आणायला. त्याची सारी पोरं समोर मांडी घालून बसली होती. चहा प्यालो अन् परत आलो.

मेघना: मग दुसरा घ्यायचा होता.

बाबा: कसा घेणार? त्याला सांगून आलो होतो, राहू दे, आमच्याकडे कोणी पाहतच नाही. तो दर दिवाळीला मासे अन् तांदूळ घेऊन येतो. घरात टीव्ही दिसला तर त्याच्या मनाला लागेल. मॉनिटरचं तसं नाही. त्यात चॅनल येत नाहीत. तुझ्या ऑफिसचा होता, तो त्याला चालला होता.

मेघना: चालला म्हणजे? त्यांनी विचारलं होतं?

बाबा: विचारलं होतं. मी म्हटलं, कंपनीचा आहे, पोरगी काम करून राहिली आहे. त्या वेळी तू मला चार गोल मारून राहिली होतीस.

मेघना: कंपनी सुटली, मॉनिटर परत गेला. आता आपला घ्यायचाय, तर मी म्हणते पोर्टेबल घेऊ. पंधरा इंची, पाटीएवढा पातळ. एक केबल लावली की झालं. खेळ संपला की बॅगेत.

बाबा: हैदराबादच्या बॅगेत.

मेघना: मी हैदराबाद कुठं म्हटलं?

बाबा: बॅग म्हटलंस. जबलपुरात तुला बॅग कशाला लागते? सिविल लाइंसला जाताना रुमाल विसरतेस तू.

मेघना: पंधरा इंचावर तुम्हाला चेंडू दिसेल ना?

बाबा: विषय बदलू नको. त्या नोकरीचं हैदराबादवाल्यांना कधी कळवायचं आहे?

मेघना: झालंच आता.

बाबा: काय कळवणार?

मेघना: रविवारी सांगीन.

बाबा: आज शुक्रवार.

मेघना: दोन दिवस कळ काढा.

बाबा: मी काही विचारून नाही राहिलो. भिंतीत भोकं पाडायची की नाही, तेवढं कळलं पाहिजे. सुतार बोलवावा लागतो.

मेघना: हो, सुतारासाठीच चाललंय सगळं.

बाबा: बरं, एक सांग. तू तिकडे, मी इकडे, असं खेळता येतं का?

मेघना: येतं. इंटरनेटवरून.

बाबा: मग कन्सोलचे दोन डबे लागतील. दोन स्क्रीनी. चलो, तुला पोर्टेबल, मला कोणताही. मी चष्मा लावून खेळीन.

मेघना: रविवारी सांगीन म्हटलं ना, बाबा. चला, वरण गार होतंय.

(त्या रात्री बाबा, म्हणजे शरच्चंद्र, झोपेतच गेले. तेरावं आटोपल्यानंतरची एक दुपार. तीच खोली. मेघना स्टुलावर उभी; खाली तिची आत्या, शरच्चंद्रांची थोरली बहीण अनसूया.)

आत्या: अशी लटकून काय राहिलीस? पडशील तर मी म्हातारी झेलणार आहे का तुला?

मेघना: तू स्टूल धर फक्त. दोन स्क्रू राहिले.

आत्या: सुतार मेले का सारे जबलपुरातले?

मेघना: उद्या येतो म्हणाला. तीन वेळा म्हणाला.

आत्या: केवढा जड आणलास हा मॉनिटर. रिक्षावाला अन् मी, दोघांनी मिळून आत आणला.

मेघना: गोहलपूरच्या दुकानात सगळ्यात जड हाच होता. दुकानदार म्हणाला, मागे एक काका येऊन गेले. लोक हलका दाखवा म्हणतात, हे एकेक उचलून पाहत होते. म्हणे, बॅगेत न मावणारा दाखव.

आत्या: शरदच तो. दुसरा कोण असणार?

मेघना: मला पत्ता नाही की ते जाऊन आलेत. माझ्यासमोर भिंतच मोजत बसले होते.

आत्या: मला फोनवर म्हणायचा, अक्का, मी तिला राहा म्हणणार नाही. म्हटलं तर राहील पोरगी, अन् मग मलाच रात्री झोप येणार नाही. मी म्हटलं, म्हणू नको, पण तोंड असं करून तर फिरू नको. तिला दिसतं ते.

मेघना: दिसत होतं.

आत्या: पण मग एवढा पक्का काहून ठोकून राहिलीस? हैदराबादला जाशील तेव्हा उखडावा लागेल. भिंतीची माती पडेल सारी.

मेघना: नाही उखडायचा.

आत्या: म्हणजे?

मेघना: त्यांना मी नाही म्हणून कळवलं होतं, आत्या. बाबा होते तेव्हाच. त्या शुक्रवारच्या आधी.

आत्या: अगं, मग शरदला?

मेघना: बाबा इतके फिरून फिरून विचारत होते. कधी सुताराचं नाव घेऊन, कधी भिंतीचं. मला गंमत वाटत होती. म्हटलं, अजून दोन दिवस विचारू देत. रविवारी जेवताना सांगू.

आत्या: उतर खाली.

मेघना: स्क्रू राहिलाय एक.

आत्या: राहू दे. बस इथं. रडायचं तर रड.

मेघना: रडू नाही येत गं. ते वाक्य तेवढं आत राहिलंय. इतक्या वेळा ठरवून ठेवलं होतं, कसं म्हणायचं ते.

आत्या: मग म्हणून टाक.

मेघना: कोणाला?

आत्या: त्यालाच. मी चहा टाकायला चालले. मला ऐकू येत नाही तिकडून, तुला माहीत आहे.

मेघना: आत्या.

आत्या: म्हण बेटा.

मेघना: बाबा, मी जात नाहीये. कोणासाठी नाही, मलाच आवडतं तुमच्याजवळ राहायला.