पाचवी पायरी

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. समोर पाट्या रंगवणारे एक पेंटर, तेही गाल धरून. शेजारी त्यांची लेक पुस्तक उघडून.

"बाबा, ऐका ना, उद्या पेपर आहे. माणसाच्या गरजांच्या पाच पायऱ्या. पहिली अन्न. ती भागल्याशिवाय माणूस वर बघतच नाही."

"कालपासून पोटात कण नाही माझ्या."

"मग तुम्ही पहिलीवर. दुसरी सुरक्षितता, तिसरी आपली माणसं, चौथी मान."

"आणि पाचवी?"

"आपल्या अंगातली कला पुरेपूर वापरणं. तिथवर फार थोडे पोचतात... अहो, उठलात कुठे?"

"ती दारावरची पाटी बघ. अक्षरांवरची रेघ शेवटाला उतरलीये. मघापासून डोळ्यात खुपतेय. पिशवीतला रंग आणि ब्रश दे. ते स्टूलही."

"सकाळी दुखून रडत होतात ना?"

"अजून दुखतंय. ब्रश दे."

"स्टूल डगमगतंय, पडाल!"

"दुसरी पायरी गेली चुलीत."

"मी घरी निघून जाईन हं!"

"जा. जाताना तेवढा दिवा लाव."

"बाबा, लोक हसतायत!"

"हसू देत."

आतून मदतनीस बाई डोकावल्या. "पेंटरकाका, तुमचा नंबर."

"पुढच्यांना घ्या."

"मग शिंपीणबाई, तुम्ही या."

"मी कशी येऊ? स्टूल कोण धरणार?" शिंपीणबाई खालून म्हणाल्या. "आणि अहो पेंटर, शेवटाला अजून सूतभर वर घ्या."