गरम मुठीची करवत

मी, वय ३८ वर्षे, धंदा यंत्रदुरुस्ती, राहणार दुकानामागील खोली, समक्ष हजर राहून जबाब देते की, मी पतीसह वरील ठिकाणी राहते. पती झाडे छाटण्याचे काम करतात. त्यांचा ठेकेदार माझा सख्खा थोरला भाऊ आहे.

काल सकाळी नऊच्या सुमारास दादा पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन दुकानात आला. थंडीत बोटे बधिर होऊ नयेत म्हणून तिची मूठ विजेने तापते. ती कधी तापते, कधी नाही, अशी त्याची तक्रार होती.

मी वीज तपासायचा मीटर लावला. तापणारी तार शाबूत होती, बटणही ठीक होते. पण मूठ हलवली की वायर आणि करवतीचा धातू यांच्यामधला आकडा शून्यावर येई. मूठ उघडली. वायरचे आवरण घासून गेले होते, उघडी तार धातूला टेकत होती. तिच्याखालीच पेट्रोलची नळी. नळीला हात लावला तर बोटे ओली झाली. मी आधी दुकानाचे दार सताड उघडले.

मी म्हणाले, "दादा, ही चालू करायची नाही. ठिणगी पडली तर पेटेल. उद्या वायर, नळी बदलून देते."

तो म्हणाला, "तुला सगळीकडे आगच दिसते. झाड आज उतरवायचंय."

त्याने मूठ स्वतःच बसवली व करवत नेली. मी अडवले नाही. झाडावर कोण चढणार, हे विचारले नाही. मला माहीत होते.

पतीला सहा वेळा फोन केला. उचलला नाही. दुकान उघडे टाकून मी काम चालले होते त्या झाडाकडे धावत गेले. पती झाडावर तीसेक फुटांवर दोराला लटकून होते, करवत चालू होती. हाक ऐकू जाणे शक्य नव्हते. मी दोन्ही हात वर करून उभी राहिले. त्यांनी खाली पाहिले, करवत बंद करायच्या बटणाकडे अंगठा नेला, तोच मुठीतून जाळ निघाला. त्यांनी करवत सोडली. ती कमरेच्या पट्ट्याला बांधलेली असते, त्यामुळे पडली नाही. त्यांच्या पायांशी लोंबकळत जळत राहिली. त्यांना हुक सोडवायला किती वेळ लागला, ते मला सांगता येत नाही.

पतीचा उजवा हात व मांडी भाजली आहे. ते शुद्धीवर आहेत.

इस्पितळात दादा मला म्हणाला, "करवत तूच दुरुस्त करून दिलीस, असं सांग." मी पतीच्या खाटेकडे वळले. तेव्हा तो म्हणाला, "दाजींना बरं झाल्यावर माझ्याच दोरावर चढायचंय."

मी ती करवत दुरुस्त केलेली नाही.

हा जबाब अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तेच लिहिले आहे. दादा बाहेर बाकावर बसला आहे. मला मागच्या दाराने जाऊ द्यावे.