निकालाआधीचा गुलाल

गड्या, गुलालाची घाई काय करते ते मला विचार. सदुसष्टच्या विधानसभेला आमचे अण्णा वडूजकडं अपक्ष उभे होते. मतमोजणी साताऱ्यात. दुपारी अण्णा पुढं आहेत असं कळलं मात्र, आम्ही कशाचा दम धरतोय! सगळा गुलाल त्यांच्यावर रिकामा केला. टोपी, मिशा, धोतर, सगळं लाल. आणि संध्याकाळी अण्णा पडले.

तसेच येष्टीत बसून परत निघालो. पुसेगावच्या थांब्यावर गुलाल बघून एकानं हार घातला. अण्णा म्हणाले, "आरं, पडलोय मी." त्याला ती थट्टाच वाटली.

घरी आलो, तर वहिनी आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या! अण्णांना मान वर करवेना.

"अगं, ठेव ते ताट. हरलोय मी."

"ठावं हाय. निवडून आलेल्यांच्या जीपा आत्ताच दारावरनं वाजत गेल्या."

"मग ववाळतीस कशापायी?"

पदरानं त्यांच्या कपाळावरचा गुलाल पुसून तिथं कुंकू लावत वहिनी म्हणाल्या, "आवं, इलेक्शन लागल्यापास्नं घरात जेवलायसा कवा? आज माझं माणूस घरी आलंय, त्येला ववाळते."