कट् वाजलं की

हॅलो?… हो, आत्ताच वर आले. बोल ताई, मोकळीच आहे.

हो, घेतला वर्ग, छाती दाबून जीव कसा वाचवायचा त्याचा. खाली पार्किंगमध्येच… आले की बरेच जण! मध्ये तो रबराचा पुतळा आडवा ठेवला, तर हात लावायला कुणी पुढे येईना. वरच्या आजी म्हणतात, "आधी ह्याला सदरा तरी घाला!"… हो ना, मीही हसले. किती दिवसांनी.

बरं, ऐक ना… टेलरकाका आले होते.

हो, तेच. हे कोसळले तेव्हा ह्यांची छाती दाबता दाबता मध्येच सोडली, तेच… अगं, ओरडू नकोस! ऐक तरी.

तो पुतळा नीट खोल दाबला ना, की कट् वाजतो. म्हणजे बरोबर दाबलंत. काकांनी दाबलं, कट् झालं, आणि चटका बसल्यासारखे हात मागे! पांढरेफटक पडले. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशीही असंच वाजलं होतं. बरगडी मोडली. मला वाटलं, मीच मारतोय त्यांना."

हो… म्हणून सोडलं.

अगं, मोडते कधीकधी. मोडली तरी थांबायचं नसतं, बरगडी जुळते नंतर… पण हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मला तरी कुठे माहीत होतं? हे गेल्यावरच शिकले ना मी.

ताई, रडू नकोस गं… मग मलाही आवरत नाही.

हो, काकांनी विचारलं ना. सगळ्यांसमोर. "सोडलं नसतं तर वाचले असते का?"

काय सांगणार?… खोटं बोलवेना. "कदाचित" म्हटलं… हो, म्हटलं! हे गेल्यापासून तो माणूस आमचा जिना चढलेला नाही. खोटा धीर देऊन काय होणार? उद्या कुणी पडलं, तर पुन्हा सोडतील.

मग त्यांच्या हातांवर माझे हात ठेवले. दाबा म्हटलं. कट्. दाबा. कट्… रडत होते आणि दाबत होते. मला तर ह्यांचीच छाती वाटत होती, ताई. फार आठवण येते गं.

थांब हं, बेल वाजली… कोण?… अहो, या ना! पुतळा? तो काय, सोफ्याजवळ. हो, हो, करून बघा पुन्हा, मी मोजते…

ताई, ठेवते गं. काका जिना चढून आलेत.